नमुना कोणाचा, लेखणी कोणाची?

(रिठद, जि. वाशीम येथे कार्यकर्ते व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

ग्रामीण महाराष्ट्रात 'नमुना' हा शब्द शाळेपेक्षा तलाठ्याच्या दप्तरामुळे अधिक परिचयाचा झालेला आहे. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एकत्र आले की 'सातबारा' होतो. 'आठ-अ' हा खातेदाराचा नमुना. रिसोड तालुक्यातील रिठदसारख्या गावात ज्याच्या नावे चार एकर जमीन आहे, त्याचे पीककर्ज, त्याचा विमा, त्याच्या वारसांची नोंद हे सारे या नमुन्यांतील रकान्यांवर अवलंबून असते. हे रकाने कोणी आखले आणि त्यांत कोणते शब्द बसावयाचे हे कोणी ठरविले, याविषयी शेतकऱ्याला कधी कोणी विचारले नाही. त्याने केवळ उतारा घ्यावयाचा आणि सांगतील तेथे सही किंवा अंगठा करावयाचा. शाळेतील लेखनाच्या प्रश्नाकडे पाहण्यास हीच जागा योग्य आहे. कारण सहावी ते आठवीच्या वर्गांत मुलांपुढे ठेवला जाणारा नमुनाही बहुधा याच जातीचा असतो. तो दुसऱ्याने आधीच भरून ठेवलेला असतो आणि मुलाच्या वाट्याला फक्त उतरवून घेणे येते.

लेखन शिकविण्याच्या पद्धतीचा आणि समाजवादी चळवळीचा संबंध काय, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासातच आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो पुणे-नगर भागातील अनेक गावांत पसरला. त्या उठावात सावकारांच्या जिवावर उठण्यापेक्षा त्यांच्या घरातील खते आणि रोखे बाहेर काढून जाळण्यावर शेतकऱ्यांचा भर होता. ज्याला वाचता येत नाही अशा माणसाला कागदाशी लढण्याचा हा एकच मार्ग उरला होता. १८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा केला, त्यात शेतकऱ्याचा दस्त ग्रामनिबंधकाच्या समक्ष लिहिला जावा अशी तरतूद करावी लागली. म्हणजे फसवणूक दस्त लिहिण्याच्या जागीच होते, हे राज्यकर्त्यांनीही मान्य केले. जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ याच काळातला. विद्येच्या अभावी शेतकऱ्याची मती, नीती, गती आणि वित्त कसे गेले, याचा हिशेब त्यांनी मांडला तो कागद, कारकून आणि सावकार यांच्या या गणितावरून नजर न हटविता.

त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, २००५ साली, देशात दोन महत्त्वाचे कायदे झाले : माहितीच्या अधिकाराचा आणि ग्रामीण रोजगार हमीचा. रोजगार हमीची कल्पना तर महाराष्ट्रानेच १९७२ च्या दुष्काळात प्रत्यक्षात आणून १९७७ मध्ये कायद्यात बांधली होती. २००५ च्या कायद्याने अर्ज केल्यापासून १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्त्याची तरतूद केली. ही तरतूद चांगली होती. परंतु तिचा आरंभ 'अर्ज केल्यापासून' या शब्दांनी होत होता. ज्याने अर्ज लिहिला नाही, तारखेची पोच घेतली नाही, त्याच्यासाठी तो हक्क कागदावरच राहिला. हक्क कायद्यात आले, पण ते मागण्याचा कागद लिहिणारा हात बहुधा उसनाच राहिला. अशा स्थितीत सहावी ते आठवी या तीन वर्षांना आगळे महत्त्व येते. पुष्कळ मुलामुलींची शाळा येथेच, किंवा याच्या थोडी पुढे, सुटते. त्या तीन वर्षांत लेखणी हाती आली नाही, तर पुढे ती येण्याची संधी फारशी उरत नाही.

आता वर्गात प्रत्यक्ष काय घडते ते पाहावे. 'शेतकऱ्याचे मनोगत' हा विषय मराठीच्या निबंधलेखनात वर्षानुवर्षे चालत आलेला आहे. तो विषय फळ्यावर लिहिला जातो. बाजारात मिळणाऱ्या गाइडात त्याचा तयार निबंध असतो. त्यात शेतकरी बळीराजा असतो, जगाचा पोशिंदा असतो, त्याची शेते वाऱ्यावर डोलत असतात आणि शेवटी तो देशासाठी घाम गाळण्याची प्रतिज्ञा करतो. रिठदच्या शाळेतील मूल तो निबंध उतरवून घेते. ज्याच्या घरी आदल्याच रात्री सोयाबीनच्या भावावरून बाप जेवला नाही, तेच मूल शहरातील कोणा अज्ञात लेखकाने रचलेले शेतकऱ्याचे मनोगत पाठ करते आणि त्यावर त्याला दहापैकी आठ गुण मिळतात. यातून मूल एक धडा पक्का शिकते : आपल्या घरातील अनुभव लिहिण्याच्या लायकीचा नाही आणि लिहिण्याच्या लायकीचे जे आहे ते दुसऱ्याचे असते. हा धडा कोणत्याही अभ्यासक्रमात छापलेला नाही; पण तो इतका खोल मुरतो की मोठेपणी ग्रामसभेत बोलावयास उभा राहिलेला माणूसही पुढाऱ्याचेच शब्द उच्चारू लागतो.

या पद्धतीला कंटाळून काही सहृदय शिक्षक दुसऱ्या टोकाला जातात. नमुना म्हणजे साचा, साचा म्हणजे प्रतिभेचा गळफास, तेव्हा मुलांना नमुनाच दाखवू नये; 'मनात येईल ते लिहा' एवढेच सांगावे, असे त्यांचे म्हणणे असते. हेतू चांगला आहे. परंतु परिणाम सर्व मुलांसाठी सारखा होत नाही. ज्या घरात वर्तमानपत्र येते, पुस्तके असतात, वडीलधारी माणसे पत्रे आणि अर्ज लिहितात, त्या घरातील मुलाने नमुने घरीच पाहिलेले असतात. मुद्दा कसा मांडावा, पुरावा कोठे द्यावा, परिच्छेद कोठे तोडावा हे त्याला न शिकविता ठाऊक झालेले असते. शेतमजुराच्या घरातील मुलीजवळ हे भांडवल नसते. तिला 'मनात येईल ते लिहा' म्हणणे म्हणजे बियाणे न देता पेरणीचे स्वातंत्र्य देणे होय. वर्ग सर्वांसाठी खुला दिसतो. पण ज्याच्याजवळ आधीच आहे त्यालाच तो अधिक देतो. बाजारपेठेतील स्वातंत्र्याविषयी समाजवाद्यांनी जी टीका केली, ती येथेही तंतोतंत लागू पडते.

तेव्हा प्रश्न नमुना हवा की नको हा नाही. नमुना मुलाच्या हाती कोणत्या अवस्थेत द्यावयाचा, बंद की उघडलेला, हा खरा प्रश्न आहे. गावातला सुतार शिकाऊ पोराला तयार दरवाजा दाखवून 'असाच कर' एवढेच म्हणत नाही. तो सांधा सोडवून दाखवितो, कूस कोठे बसते आणि खाच किती खोल हे बोटाने चाचपावयास लावतो, मग आपल्या शेजारी बसवून एक सांधा करवून घेतो आणि त्यानंतरच लाकूड त्याच्या स्वाधीन करतो. लेखनाच्या नमुन्याचेही हेच तीन टप्पे आहेत.

पहिला टप्पा उकलण्याचा. समजा, सातवीच्या वर्गापुढे ग्रामपंचायतीस लिहिलेला एक चांगला अर्ज ठेवला. शिक्षकाने तो केवळ वाचून दाखवू नये, प्रश्न विचारावेत. हा कोणी कोणाला लिहिला आहे? मागणी नेमकी कोणत्या वाक्यात आहे? हातपंप बंद असल्याचे सांगताना लेखकाने 'बरेच दिवस' न म्हणता तारीख का दिली? किती घरांना त्रास होतो हा आकडा मागणीच्या आधी आला की नंतर, आणि तो उलट ठिकाणी असता तर काय बिघडले असते? 'म्हणून', 'तरीही', 'त्यामुळे' हे शब्द काढून टाकले तर अर्जाचे काय होते? अशा प्रश्नांनी मुलांना कळते की अर्जाचे बळ 'महोदय' आणि 'आपला नम्र' यांत नसून कारण, पुरावा आणि मागणी यांच्या जोडणीत आहे. शक्य तर त्याच विषयावरचा एक वाईट अर्जही शेजारी ठेवावा. दोन्हींची तुलना करताना मुले जे शिकतात, ते दहा सूचना पाठ करून शिकत नाहीत.

दुसरा टप्पा एकत्र लिहिण्याचा. आता विषय बदलावा : शाळेच्या एका खोलीचे छप्पर गळते. वाक्य मुलांनी सुचवावे, शिक्षकाने ते फळ्यावर लिहावे, दुसऱ्या मुलाने त्यात दुरुस्ती करावी, तिसऱ्याने ते खोडावे. खोडणे ही लाजेची गोष्ट नसून लेखनाचेच एक अंग आहे, हे मूल येथे प्रथम पाहते. छापील पान कधी आपली खोडाखोड दाखवीत नाही, फळा दाखवितो. कोणाचे वाक्य का राहिले आणि कोणाचे का गेले, याची कारणे सर्वांसमोर द्यावी लागतात. लोकशाहीचे याहून चांगले शिक्षण नागरिकशास्त्राच्या पुस्तकातही मिळणे कठीण आहे.

तिसऱ्या टप्प्यात नमुना दूर ठेवावयाचा आणि मुलाने स्वतःचा विषय घेऊन एकट्याने लिहावयाचे. येथे 'शेतकऱ्याचे मनोगत' पुन्हा यावे. पण आता मुलाजवळ उतरवून घेण्यासाठी निबंध नाही, मांडणीची हत्यारे आहेत. समजा, एखादी मुलगी लिहिते की व्यापाऱ्याने मूठभर दाणे यंत्रात घातले, ओलावा जास्त आहे असे सांगितले, भाव कमी केला आणि बाबा काही न बोलता पोते उचलून परत वळले. या एका वाक्यात बाजार समितीचे जितके अर्थशास्त्र आहे तितके बळीराजावरील दहा पानांत नाही. शिक्षकाने तेथे शुद्धलेखनाची लाल रेघ ओढण्यापूर्वी विचारावे : बाबा का बोलले नाहीत? यंत्र कोणाचे होते? तिची पुढची दोन वाक्ये त्या प्रश्नातून येतील. नमुन्याने तिला क्रम दिला; आशय तिचा आहे.

नमुना आणि स्वत्व यांचे वैर मानणाऱ्यांनी आपल्याच परंपरेकडे पाहावे. वाशीम हे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म. तेथील राजा सर्वसेन याने प्राकृतात 'हरिविजय' हे काव्य रचले; राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच वत्सगुल्मात झाल्याचे वर्णिले आणि वैदर्भी रीतीला या नगरावरून 'वच्छोमी' असे नाव मिळाले. रीती म्हणजे शिकता येणारी वाट, हे या भूमीला दीड हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते. मात्र ती वाट दरबाराची होती. तिच्याहून मोठी आणि लोकांची शाळा भरली ती जात्यावर. ओवीचा बांधा मुलगी आईकडून, सासूकडून घेते. चाल तीच, ठेवण तीच. पण त्या ठेवणीत ती घालते ते आपले माहेर, आपली सवत, आपला दुष्काळ. गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. इतक्या स्त्रियांनी एकच नमुना वापरला म्हणून त्या सर्वांचे म्हणणे एक झाले, असे कोणी म्हणू शकेल काय? मर्ढेकरांपर्यंतच्या कवींना अभंगाचा साचा आड आला नाही. साचा आड येतो तो त्याच्याबरोबर आशयही सक्तीने दिला जातो तेव्हा.

लिखित गद्यात याचे सर्वांत तेजस्वी उदाहरण १८५५ चे आहे. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत सुमारे तीन वर्षे शिकलेल्या मुक्ता या मांग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' पत्राने छापला. निबंध हा प्रकार त्या काळी मराठीतही नवा होता आणि तो लिहिणारे बहुतेक उच्चवर्णीय किंवा मिशनरी होते. मुक्तेने तो प्रकार घेतला, युक्तिवादाची त्यातील पद्धत घेतली आणि तिच्यात भरले ते आपल्या लोकांचे जिणे : वेद आमचे नाहीत तर आमचा धर्म कोणता हा प्रश्न, पेशवाईतील अत्याचार, डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या स्त्रीचे थंडीपावसातील हाल. आणि अखेरीस आपल्या लोकांना शिकण्याचे आवाहन. त्या निबंधात नमुना दिसतो आणि मुलगीही दिसते. एकीमुळे दुसरा झाकला जात नाही. वर्गातील लेखनाचे याहून उंच माप शोधण्याची गरज नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना फुल्यांनी प्राथमिक शिक्षणाला अग्रक्रम मागितला, तसेच मोडी व बाळबोध लेखन-वाचन, हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान यांचा आग्रह धरला, त्यामागेही हीच दृष्टी होती.

देशाबाहेरही ज्यांनी हा प्रश्न गरिबांच्या बाजूने सोडविला, ते याच निष्कर्षाकडे आले. इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरातील बार्बियाना या खेड्यात लोरेंझो मिलानी या धर्मगुरूने सरकारी शाळेत नापास झालेल्या शेतकऱ्यांच्या मुलांना शिकविले. १९६७ मध्ये त्या मुलांनी एका शिक्षिकेला उद्देशून लिहिलेले दीर्घ पत्र पुस्तकरूपाने आले. शाळेतून कोणत्या वर्गाची मुले गळतात याचे आकडे त्यात त्यांनी स्वतः मांडले. लेखनाची त्यांची पद्धत सामुदायिक होती : एकेक विचार एकेका चिठ्ठीवर लिहावा, सारख्या चिठ्ठ्यांचे ढीग करावेत, ढिगांचा क्रम लावावा आणि मग अनावश्यक ते सारे काटावे. पुढे १९८० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियात सिडनीच्या श्रमिक आणि स्थलांतरित वस्त्यांतील शाळांत जे. आर. मार्टिन, जोन रॉथरी आणि त्यांचे सहकारी यांनी उकलणे, एकत्र लिहिणे आणि एकट्याने लिहिणे हा क्रम शिक्षकांसह घडविला. सत्तेच्या भाषेची गुपिते वरच्या वर्गातील मुलांना घरी कळतात, म्हणून इतरांना ती शाळेने उघडपणे शिकविली पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्यावर टीकाही झाली, आणि ती सर्वस्वी चुकीची नव्हती : घाईच्या शिक्षकाच्या हाती या क्रमाचाही सूत्रपाठ होतो. उघडलेला नमुना पुन्हा बंद करण्याची शक्ती शाळेत नेहमीच असते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

भाषेचा प्रश्न येथेच हाताळला पाहिजे. रिठदच्या मुलाची घरची बोली वऱ्हाडी आहे. 'मले', 'तुले', 'कायले' हे त्याचे सहज शब्द. याच जिल्ह्यात पोहरादेवीला मानणाऱ्या तांड्यांवरील मुलांची घरची भाषा तर मराठीहून वेगळीच. नमुना प्रमाणभाषेत आणि अनुभव बोलीत, अशी ही ओढाताण आहे. प्रमाणभाषा शिकवूच नये असे म्हणणे हा गरिबांवर आणखी एक अन्याय होईल. कारण अर्ज, न्यायालय आणि वर्तमानपत्र त्याच भाषेत चालतात. पण बोलीला गावंढळ ठरवून प्रमाणभाषा शिकविणे हाही तितकाच मोठा अन्याय. उद्धव शेळके यांनी 'धग' या १९६० च्या कादंबरीत दाखवून दिले की वऱ्हाडी बोलणारी माणसे मराठी साहित्याच्या मध्यभागी उभी राहू शकतात. वर्गातही असे नमुने हवेत, ज्यांत निवेदन एका भाषेत आणि माणसाचे बोलणे त्याच्या स्वतःच्या भाषेत आहे. मग आजीचे वाक्य आजीच्याच शब्दांत लिहिण्यास मूल बिचकणार नाही.

मित्रहो, हे सारे करणार कोण? शिक्षकाने करावे म्हणणे सोपे आहे. पण सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे आणि ऑनलाइन माहिती भरणे यांत शिक्षकाचा दिवस जात असेल, तर चाळीस वह्या तो केव्हा वाचणार? २०२४ च्या संचमान्यतेच्या निकषांनी कमी पटाच्या शाळांतील शिक्षकांची पदे धोक्यात आणली आणि त्याविरुद्ध शिक्षक संघटनांना रस्त्यावर यावे लागले. २०२३-२४ पासून शासनाने पाठ्यपुस्तकांत कोरी पाने जोडली आणि २०२५ मध्ये तो प्रयोग मागेही घेतला. पाने कोरी ठेवणे सोपे होते. त्यावर लिहावयास शिकविणारा माणूस देणे हे खरे काम. आता त्यात भर पडली आहे ती मोबाइलवर क्षणात निबंध रचून देणाऱ्या यंत्राची. ते यंत्र म्हणजे गाइडाचा धाकटा, अधिक हुशार भाऊ होय. गाइडातील शेतकऱ्याप्रमाणेच त्याच्या शेतकऱ्यालाही गाव नसते. हे यंत्र बंद करण्याच्या घोषणा करून काही होणार नाही. पण नमुना उकलण्यास शिकलेले मूल त्याचा निबंधही उकलील आणि विचारील : यात तारीख कोठे आहे, आकडा कोठे आहे, माणूस कोठे आहे?

म्हणून कार्यकर्त्यांनी केवळ शिक्षकांकडे बोट दाखवून थांबू नये. त्यांच्या हाती तीन कामे आहेत. पहिले, नमुने गोळा करण्याचे. ग्रामसभेचे चांगले इतिवृत्त, मंजूर झालेला अर्ज, फेटाळलेला अर्ज आणि त्याचे कारण, बाजार समितीची पावती, जुन्या कार्यकर्त्याने तुरुंगातून लिहिलेले पत्र, असे खरे कागद नावे झाकून शाळेला द्यावेत. दुसरे, मुलांच्या लेखनाला वाचक देण्याचे. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात असताना वसतिगृहातील मुलांसाठी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक स्वतःच्या हाताने लिहीत. रोज सकाळी मुलांना वाचावयास मिळणारा तो एक जिवंत नमुना होता आणि त्याला छापखाना लागला नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आठवड्यातून एकदा सातवी-आठवीच्या मुलांचे भित्तिपत्र लावण्यास कोणाची मंजुरी लागावी? गुणांसाठी लिहिणारे मूल आणि गाव वाचणार आहे म्हणून लिहिणारे मूल यांच्या वाक्यांत फरक पडतो. तिसरे काम लढ्याचे : उच्च प्राथमिक वर्गांना भाषेचा पूर्ण वेळ शिक्षक मिळावा, त्याच्यावरील अशैक्षणिक कामे काढून घ्यावीत आणि परीक्षेत पाठ केलेल्या निबंधाला गुण देणे बंद व्हावे. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सर्वांसाठी समान शाळेची शिफारस केली, ती अमलात आली असती तर यांतील पुष्कळ मागण्या आज कराव्या लागल्या नसत्या.

या कामांतून लगेच कोणी निवडणूक जिंकणार नाही. परंतु ज्या गावातील चौदा वर्षांची मुलगी कारण, पुरावा आणि मागणी यांची जोडणी करून चार परिच्छेद लिहू शकते, त्या गावाला आपले गाऱ्हाणे मांडण्यासाठी बाहेरून माणूस आणावा लागत नाही. समाजवादी पक्षाला गावागावांत असे लिहिणारे हात हवे असतील, तर सभासद नोंदणीच्या पुस्तकाबरोबर शाळेच्या वहीकडेही पाहावे लागेल, आणि ते काम रिठदला येत्या शनिवारीही सुरू करता येईल.